भावाच्या चार्टवर सरासरीची लाइन: तुमचे प्रश्न

सोयाबीन घरात आलं की बाजार समितीचे भाव रोज मोबाईलवर पाहणं सुरू होते, आणि आता गावोगावचे पोट्टे त्याचे चार्ट करून ग्रुपवर टाकून राहिले. लय चांगलं काम आहे हे. म्हणून यावेळी सगळे प्रश्न मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचेच घेतले, म्हणजे मागच्या काही दिवसांच्या भावाची, रोज एक दिवस पुढे सरकणारी सरासरी.

कारंजा लाडकडून: गूगल शीटमध्ये रोजचा भाव टाकला, चार्ट आला पण नुसते करवतीचे दाते दिसतात. सरासरीची लाइन कशी काढू?

पहिली ओळ कॉलमच्या नावांची ठेवा, मग ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये सर्वसाधारण दर, किमान-कमाल नको. ५ दिवसांची सरासरी पाहिजे तर सी कॉलमच्या सहाव्या ओळीत अ‍ॅव्हरेजचा फॉर्म्युला लावा, बी २ ते बी ६, अन् खाली ओढत न्या. तिन्ही कॉलम निवडून लाइन चार्ट टाका, झालं. चार्टच्या ट्रेंडलाइनमध्येही मूव्हिंग अ‍ॅव्हरेज आहे, पण फॉर्म्युला बरा, आकडा डोळ्यासमोर राहते. पहिले ४ दिवस लाइन दिसणार नाही, ते बरोबरच आहे, ५ भाव जमल्याशिवाय सरासरी कशाची काढणार. एकच पाहा, तारीख जुनी वर नवी खाली पाहिजे. उलटी असली तर तोच फॉर्म्युला पुढच्या दिवसांचे भाव मागच्या तारखेत मिसळते अन् लाइन आधीच वळलेली दिसते.

वाशिमकडून: दर आठवड्यात सरासरीची लाइन धप्पकन खाली येते, भाव तर पडला नाही. काहून?

मार्केट बंद होतं त्या दिवशी तुम्ही शून्य टाकलं, दुसरं काही नाही. समजा ५ दिवसांचे भाव ४२००, ४२५०, ४१५०, ४३००, ४१००, सरासरी बरोबर ४२०० आली. सहावा दिवस रविवार, तिथे ० लिहिलं की ४२०० जाऊन शून्य आत येते आणि सरासरी ३३६० होते! ८४० रुपयांचा खड्डा, अन् तो एका दिवसात भरत नाही, शून्य ५ ओळी मागे जाईपर्यंत लाइन खालीच राहते. आता असा चार्ट पाहून एखाद्या कास्तकारानं घाबरून गाडी भरली तर नुकसान त्याचं आहे, म्हणून इतकं जीव तोडून सांगतो. बंद म्हणजे भाव नाही, भाव शून्य नाही. खाना रिकामा ठेवा, अ‍ॅव्हरेज रिकामा खाना मोजतच नाही. त्याहून चांगलं म्हणजे ती ओळच टाकू नका, म्हणजे पोळा असो की दिवाळी, ५ म्हणजे ५ बाजाराचेच दिवस धरले जातात.

आवकेकडेही पाहा. २० क्विंटल आले तो दिवस आणि २००० आले तो दिवस, साधी सरासरी दोघांना सारखंच मोजते. जमत असेल तर भाव गुणिले आवक, त्याची बेरीज, भागिले एकूण आवक, असं करा.

दर्यापूरकडून: आमच्या शेतकरी कंपनीच्या वेबपेजवर चार्ट.जेएसनं (वेबपेजवर चार्ट काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) सरासरी काढली, लाइन तळाला ४ वर चिकटून बसली.

तुमचा डेटा पाहिला, भाव "४,२५०" असा कॉमासकट मजकूर म्हणून येऊन राहिला. मजकुराचा आकडा करणारं पार्सफ्लोट हे फंक्शन कॉमापाशी थांबते, हाती येते फक्त ४. आधी कॉमा काढा मग आकडा करा. चार्ट.जेएसमध्ये तयार मूव्हिंग अ‍ॅव्हरेज नाही, स्वतः हिशोब करून दुसरा डेटासेट द्यायचा, सुरुवातीच्या जागी नल, म्हणजे 'आकडा नाही'. मधात नल आला तर लाइन तुटते, जोडायची असेल तर स्पॅनगॅप्स हे सेटिंग ट्रू करा.

हिंगणघाटकडून: कापसाचा भाव २१ दिवसांच्या सरासरीच्या वर गेला. थांबू का विकू?

भाऊ, तेवढ्यावरून मी सांगणार नाही, अन् कोणी सांगत असेल तर ऐकू नका. २१ दिवसांची लाइन जवळपास १० दिवस मागचं दाखवते, पुढचं नाही. तिच्या जोडीला हमीभावाची आडवी लाइन टाका, २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८११० अन् मध्यम धाग्याला ७७१० रुपये क्विंटल. भाव त्या रेघेच्या किती खाली आहे हे दिसलं की सीसीआयच्या (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ) केंद्रावर न्यायचा का, याचा विचार करता येते. पण जायच्या आधी कापूस चांगला वाळवा, पूर्ण हमीभाव ८ टक्के ओलाव्यापर्यंतच भेटते, वर कपात होते आणि १२ च्या वर गेला की गाडी परत.