मुंबईत आडवं कसं जायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की लोकलची लाईन बदलताना तुमचं नेमकं कुठे अडतं ते कळवा. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, सेंट्रलवरून वेस्टर्नला जायचं कसं. त्यातली काही इथे घेतलीयत, थोडी छाटून.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. मुलीला सीप्झमध्ये (अंधेरी पूर्वेचा निर्यात कारखान्यांचा भाग) नोकरी लागलीय. घरात दोन पक्ष पडलेत, हे म्हणतात दादरला बदलून अंधेरीला जा, धाकटा म्हणतो घाटकोपरवरून मेट्रो. कोणाचं ऐकायचं? (एक आई, डोंबिवली पूर्व)

धाकट्याचं ऐका. आता का ते सांगतो. दादरवरून जायचं म्हणजे घाटकोपर सोडून दहाएक किलोमीटर खाली दक्षिणेला यायचं, मग दादरचा पूल चढायचा, वेस्टर्नची गाडी पकडायची आणि परत बाराएक किलोमीटर वर अंधेरीपर्यंत जायचं. म्हणजे ज्या बाजूने आलो त्याच बाजूला उलटं. आणि हे सगळं सकाळी साडेआठच्या दादरला, जिथे पुलावर माणूस चालत नाही, मागचे ढकलतात तसा सरकतो.

मेट्रो वन म्हणजे वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर, 11.4 किलोमीटर, 12 स्टेशनं, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला साधारण 21 मिनिटं. 2006 ला पायाभरणी झाली आणि गाडी धावली 8 जून 2014 ला, मधली आठ वर्षं अंधेरी-कुर्ला रोडवाल्यांनी काय भोगलं ते त्यांनाच विचारा. त्याच्या आधी घाटकोपरहून अंधेरीला जायचं म्हणजे बेस्टची 340 नंबरची बस, आणि साकीनाक्याला बस अडकली की लोक उतरून चक्क चालायला लागायचे आणि बसच्या आधी पुढच्या स्टॉपला पोचायचे.

पण तुमच्या मुलीला अंधेरीपर्यंत जायचंच नाहीये, हे घरात कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. घाटकोपरहून चौथं स्टेशन मरोळ नाका. तिथे उतरून खाली भुयारी मेट्रो तीन पकडायची, आरेकडे जाणारी, मधे एमआयडीसी अंधेरी आणि त्याच्या पुढचंच सीप्झ. दोन स्टेशनं फक्त. मेट्रो तीनचा आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) टप्पा ऑक्टोबर 2024 ला चालू झाला, त्यामुळे जुन्या लोकांच्या डोक्यात हा रस्ता अजून बसलेलाच नाहीये. एकच गोष्ट तिला सांगून ठेवा, मरोळ नाक्याला एक गाडी डोक्यावर आणि दुसरी जमिनीखाली आहे, त्यामुळे सरकते जिने एकामागून एक लागतात, आणि लगेच बदलता येईल असं धरून निघालं की रोज लेट मार्क.

खरी परीक्षा संध्याकाळी घाटकोपरला. मेट्रोची चार डब्यांची गाडी रिकामी होते, सगळे एकदम पुलावर येतात, आणि कल्याणकडची फास्ट पकडायची तर पश्चिमेच्या मेट्रो स्टेशनवरून पूल ओलांडून पलीकडच्या प्लॅटफॉर्मला जायचं. सकाळी याच्या उलट, लोकलमधून उतरलेली बारा-पंधरा डब्यांची गर्दी मेट्रोच्या बॅग तपासणीच्या मशीनसमोर रांगेत उभी असते. मला विचाराल तर अशा जोडलाईनवर गाडी किती पळते याला फार अर्थ नाही, बदलायला किती चालावं आणि किती थांबावं लागतं त्यावर सगळं ठरतं. तुमच्या मुलीने गाडीच्या वेळा नाही, पुलाच्या वेळा पाठ कराव्यात. दहा मिनिटं आधी निघालं तर घाटकोपर सुसह्य असतं.

प्रश्न : मेट्रोच्या जागी लोकलचेच रूळ टाकले असते तर कल्याण ते अंधेरी थेट गाडी मिळाली नसती का? कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही? (एक वाचक, कल्याण)

आलं असणार हो. पण लोकल ब्रॉडगेजवर, 1676 मिलीमीटर, आणि मेट्रो वन स्टँडर्ड गेजवर, 1435. डबे वेगळे, प्लॅटफॉर्म वेगळा. आणि साकीनाका, असल्फाच्या त्या रस्त्यावर बारा डब्यांच्या लोकलसाठी लांबलचक स्टेशनं आणि मोठी वळणं बसवायला जागा कुठून आणणार, रस्त्याच्या मधोमध खांब उभे करताना नाकी नऊ आले होते.

बाकी थेट लोकल तुम्ही म्हणता ती मुंबईत आहेच, ब्रिटिशांच्या काळापासून आहे, फक्त ती घाटकोपरला नाही, वडाळ्याला आहे. खालचं उत्तर वाचा.

प्रश्न : मी चेंबूरहून वांद्र्याला कॉलेजला जाते. वडाळ्याला बदलते. पण गोरेगावची गाडी इतक्या वेळाने का येते? हार्बरवाल्यांना कोणी विचारतच नाही असं वाटतं. (एक विद्यार्थिनी, चेंबूर)

ताई, तुझा राग बरोबर आहे पण कारण जरा वेगळं आहे. हार्बर लाईन सीएसएमटीहून वडाळा रोडपर्यंत एकच, येण्याजाण्याचे मिळून दोनच रूळ. वडाळ्याच्या पुढे रावळी जंक्शनला ती फुटते, एक फाटा जीटीबी नगर, चुनाभट्टी, कुर्ला करत वाशी-पनवेलला आणि दुसरा किंग्ज सर्कल, माहीम, वांद्रे करत अंधेरी-गोरेगावला. आता त्या दोन रुळांवरून तासाला जेवढ्या गाड्या सुटू शकतात त्यातूनच दोन्ही फाट्यांना वाटा द्यायचा. पनवेलकडची लोकसंख्या वाढत गेली, 1992 ला वाशी जोडलं, 1998 ला पनवेल, मग तिकडच्या गाड्या वाढवायच्या की गोरेगावच्या, असा तो हिशोब. गोरेगावच्या कमी पडतात. वडाळ्याच्या दक्षिणेला आणखी रूळ पडल्याशिवाय यात मोठा फरक पडेल असं मला तरी वाटत नाही.

पण ही माहीमची जोडलाईन आहे म्हणून तर सीएसएमटीहून सुटलेली गाडी न बदलता वेस्टर्नच्या भागात जाते, हे विसरू नकोस. 2018 च्या मार्चमध्ये ती अंधेरीहून पुढे गोरेगावपर्यंत नेली. पनवेल–गोरेगाव अशा मोजक्या थेट गाड्याही आहेत, तुझ्या कॉलेजच्या वेळेत एखादी बसतेय का ते टाइमटेबलमध्ये बघून ठेव, बसली तर वडाळ्याला ताटकळायचं वाचेल.

आणि हार्बरला कोणी विचारत नाही म्हणतेस, तर देशातली पहिली विजेवरची गाडी हार्बरवरच धावली होती, 3 फेब्रुवारी 1925, तेव्हाच्या व्हीटीहून कुर्ल्याला. हे ऐकून गाडी लवकर येणार नाही, माहितीये.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त टोकियोत असतो. इथे यामानोते लाईन गोल फिरते आणि शहरातल्या जवळपास सगळ्या मोठ्या रेल्वेलाईनींना कुठे ना कुठे भेटते. मुंबईत अशी रिंग का नाही? (एक वाचक, टोकियो)

यामानोते 34.5 किलोमीटर, 30 स्टेशनं, एक फेरी तासाभरात. तिचं वर्तुळ पूर्ण झालं तेही 1925 लाच, म्हणजे आपली पहिली विजेची गाडी आली त्याच वर्षी, तिकडे हे झालं होतं. पण टोकियोला समुद्राची बाजू सोडली तर बाकी दिशांना पसरायला जमीन आहे. मुंबईच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे लांबुडकी पट्टी, गोल फिरणार कुठे?

शिवाय इथे रेल्वे शहरासाठी आलीच नव्हती. जीआयपी कंपनी, म्हणजे आजची सेंट्रल, 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती पुढे घाट चढून देशावरचा कापूस आणायला, आणि बीबीसीआय कंपनी, म्हणजे आजची वेस्टर्न, पश्चिमेकडून गुजरातेत. दोघींचं तोंड शहराबाहेर. माटुंग्याच्या माणसाला माहीमला जायचंय हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दादरला दोघींची स्टेशनं शेजारी शेजारी आली पण प्लॅटफॉर्मचे नंबर मात्र दोघींनी आपापले दिले, म्हणजे प्लॅटफॉर्म नंबर एक दोन्हीकडे, त्यावरून नवख्या माणसाची किती गाडी चुकली असेल. ते एकसलग नंबर झाले डिसेंबर 2023 मध्ये, वेस्टर्न 1 ते 7 आणि सेंट्रल 8 ते 14. त्याला इतकी वर्षं लागली, यावरून बाकीचं समजून घ्या.

तर मुंबईला वर्तुळ नाही, शिडी पाहिजे. दोन उभे दांडे कधीचे आहेत, आडव्या पायऱ्या कमी पडल्या. माहीम–वडाळा एक, घाटकोपर–अंधेरी दुसरी, वसई–दिवा तिसरी, आणि आता जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून मेट्रो सहाचं काम चालू आहे ती होईल तेव्हा चौथी. आणि रिंग असली की सगळं छान असंही नाही, दिल्लीत 35 किलोमीटरची रिंग रेल्वे आहे, मुळात मालगाड्या शहराबाहेरून वळवायला म्हणून, 1982 च्या एशियाडसाठी गाड्या वाढवल्या, पण स्टेशनं वस्तीपासून आणि बसपासून लांब, त्यामुळे आज दिल्लीतल्याच कितीतरी लोकांना ती आहे हे माहीत नसतं.

प्रश्न : वसईहून कोकणात गावी जायला दादर किंवा ठाणे गाठायलाच लागतं का? वसई–दिवा लाईन असून आमचा उपयोग काय? (एक कोकणी कुटुंब, वसई)

उपयोग आहे पण तो आधी मालगाड्यांना. गुजरातकडून जेएनपीटी बंदराकडे जाणारा माल याच लाईनने जातो, त्यामुळे पॅसेंजरवाल्या मेमू गाड्या अगदी थोड्या. जुचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, मग कोपर आणि दिवा. कोपरला ही लाईन सेंट्रलच्या डोक्यावरून जाते, वरच्या प्लॅटफॉर्मवर मेमू आणि जिना उतरलं की खाली लोकल, बदलायला इतकी सोपी जागा कमीच असेल, फक्त स्लो लोकलच धरायला लागते. मेमू चुकली तर मात्र पुढचीची वाट बघण्यापेक्षा घरी परत जाऊन जेवून आलेलं बरं.

कोकणासाठी ऑगस्ट 2024 पासून वांद्रे–मडगाव गाडी वसई, भिवंडी, पनवेलवरून जाते, आठवड्यातून दोनदा. तिच्यात एक गंमत बघा, वसई रोडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात. कारण दिव्याची लाईन वसईला दक्षिणेकडूनच येऊन मिळते आणि मुंबईहून येणारी गाडीही दक्षिणेकडूनच आत येते, म्हणजे वळून परत त्याच बाजूला बाहेर पडायचं. नायगाव ते जुचंद्र असा एक छोटा तुकडा जोडला की हे फिरवाफिरवीचं काम संपेल आणि कोकणच्या गाड्या वाढवायलाही वाव मिळेल, त्याची योजना झालेली आहे. माझ्या मते सगळ्या जोडलाईनींत कमी खर्चात जास्त माणसांचं भलं करणारा तुकडा हाच. पण मग त्या गाड्या वसई रोडला न थांबता नायगाववरूनच वळतील, तेव्हा तुम्हाला पिशव्या घेऊन एक-दोन स्टेशनं मागे यायला लागेल, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

प्रश्न : एकाच तिकिटावर लोकल आणि मेट्रो दोन्ही होतं का? (एक वाचक, मुलुंड)

सेंट्रल आणि वेस्टर्नचा मिळून एक पास निघतो, व्हाया दादर. मेट्रोचं तिकीट वेगळं. ऑक्टोबर 2025 ला मुंबई वन नावाचं ॲप आलंय, त्यात लोकल, मेट्रो, बेस्ट सगळ्याची तिकिटं एका ठिकाणी काढता येतात, पण लोकलचा महिन्याचा पास असलेल्याने तो सोडू नये, स्वस्तात पासच पडतो.