लीख, ऊ आणि अंगुळ

'लीख म्हणजे उवेचे अंडे की पिल्लू, आणि "एक उवा सापडली" हे बरोबर आहे का?' असा प्रश्न आला आहे. उत्तरार्ध आधी घेतो, कारण ही 'एक उवा' जाहिरातींतून ऐकून माझे कान किटले आहेत. एकवचन ऊ, अनेकवचन उवा. जळू-जळवा, पिसू-पिसवा, सासू-सासवा यांच्या पंगतीतलाच हा शब्द आहे आणि 'एक जळवा चिकटली' असे कोणी म्हणत नाही. संस्कृत 'यूका', प्राकृत 'ऊआ', मराठी 'ऊ', इतका हा सरळ मामला आहे.

लीख हे अंडेच. कोशांत 'उवेचे पिल्लू' असाही अर्थ आढळतो. तो देणाऱ्याने कधी कोणाचे डोके मांडीवर घेतले नसावे. पिल्लू पळते, लीख केसाला डकलेली असते. कोंडा झटकला की पडतो, लीख मात्र दोन नखांत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यावी लागते.

'लीख' 'लिहिण्या'वरून आली, कारण अंडी ओळीने लिहिल्यासारखी दिसतात, ही व्युत्पत्ती गोड असली तरी खोटी आहे. मूळ शब्द 'लिक्षा'. (त्याचेच 'रिक्षा' असे रूपही संस्कृत कोशांत आहे, तीनचाकीशी त्याचा संबंध नाही, ती जपानी.) खरी गंमत पुढेच आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात लांबीचे कोष्टक असे: ८ परमाणू म्हणजे रथाच्या चाकाने उडवलेला एक धूलिकण, ८ धूलिकणांची एक लिक्षा, ८ लिक्षांची एक यूका, ८ यूकांचा एक यवमध्य (जवाच्या दाण्याची मधली जाडी) आणि ८ यवमध्यांचे एक अंगुळ. म्हणजे बोटाच्या रुंदीत ५१२ लिखा! यावरून प्राचीनांच्या सूक्ष्ममापनाचे पोवाडे गाणाऱ्या पंडितांनी एकदा मोजपट्टी हाती घ्यावी. अंगुळ सुमारे १९ मिलिमीटर धरले, तर ही लिक्षा ०.०४ मिलिमीटरही भरत नाही. खरी लीख सुमारे ०.८ मिलिमीटरची असते. आठाचा पाढा हिशेबनिसाचा, पण धुळीनंतर लीख, लिखेनंतर ऊ आणि उवेनंतर जव हा क्रम, माझ्या मते, ओसरीवर केस विंचरणाऱ्या बाईचाच आहे: नुसत्या डोळ्यांना दिसणारे आणि नखात धरता येणारे सर्वांत बारीक माप तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मनुस्मृतीच्या वजनांत ३ लिक्षांची थेट एक मोहरी होते, मध्ये ऊ नाहीच. ते कोष्टक मला म्हणूनच कोरडे वाटते.

मूळ प्रश्नात एक गोम मात्र आहे. मादी अंडे टाळूलगत चिकटवते, ७ ते १० दिवसांत पिल्लू बाहेर पडते आणि तीनदा कात टाकून आणखी दीडेक आठवड्यात अंडी घालण्याजोगे होते. टरफल केसाला तसेच राहते. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, तेव्हा टाळूपासून अंगुळभर दूर दिसणारी लीख म्हणजे बहुधा पिल्लू केव्हाच निघून गेलेले रिकामे घर. मराठी तिलाही लीखच म्हणते.