व्यायामात जळालेल्या कॅलरी पुन्हा खाव्यात का?

वजन कमी करत असाल, तर सुरुवातीला त्या सगळ्या खाऊ नका. घड्याळ किंवा ट्रेडमिल दाखवते तो आकडा अंदाजाचा आणि बऱ्याचदा फुगलेला असतो; शिवाय अ‍ॅपवर रोजची कॅलरींची गरज काढताना तुम्ही ‘मध्यम व्यायाम’ हा पर्याय निवडला असेल, तर तो व्यायाम त्यात आधीच धरलेला आहे. नवखे लोक इथेच चुकतात आणि एकच व्यायाम दोनदा मोजतात.

सकाळी पर्वती चढून आल्यावर नेहमीचाच नाश्ता पुरे. सिंहगडाची पायी चढाई मात्र वेगळी. त्या दिवशी दाखवलेल्या कॅलरींपैकी निम्म्यापर्यंत अवश्य खा, पण पिठले-भाकरीवर कांदाभजीच्या दोन प्लेट मागवल्या, तर कॅलरींची तूट, म्हणजे गरजेपेक्षा कमी खाल्ल्याने पडलेला फरक, तिथेच भरून निघते.

वजनाची साप्ताहिक सरासरी 4 आठवडे पाहा. ती आठवड्याला 1 किलोहून वेगाने घसरत असेल किंवा सतत थकवा जाणवत असेल, तर खाणे निःसंकोच वाढवा. इन्सुलिन घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.