वाईतलं दुरुस्त केलेलं वडिलोपार्जित घर विकत घ्यावं का?

वाईच्या गावठाणातलं वडिलोपार्जित घर मालकाने नव्यासारखं करून विकायला काढलंय, निवृत्तीनंतर राहायला घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही सहा वर्षांपूर्वी तिथेच, मधल्या आळीत, असंच घर घेतलं. माझं म्हणणं, जरूर घ्या. पण दुरुस्तीत काय झाकलं गेलंय ते आधी शोधा.

आमचं घर पाहिलं तेव्हा गुळगुळीत भिंती, चकचकीत फरशी, दिव्यांचं नवं छत असा सगळा थाट होता. पहिल्याच आषाढात माजघराच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल आली. कारण साधं होतं. या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असतात. माती ओल शोषते आणि वारा लागला की सोडून देते. वरून चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असेल तर हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. आमच्याकडे ठेकेदाराने आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता आणि जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल्स घट्ट बसवल्या होत्या. जमिनीतल्या ओलीला भिंतीवाटे वर चढण्यावाचून मार्गच उरला नाही आणि सिमेंटमुळे तिथूनही बाहेर पडता येईना. गिलावा खरवडला तेव्हा आतली माती हाताने निघत होती. अख्खा उन्हाळा भिंती उघड्या ठेवून वाळवल्या, मग चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधून नवा गिलावा केला. घर सावरलं, पण तो खर्च आमच्या हिशेबात कुठेच नव्हता.

म्हणून भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करा. पोकळ आवाज आला तर सिमेंटने माती सोडलेली आहे. पीओपीचं छत असेल तर एका कोपऱ्यात उघडून वरचा कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं मूळ छत, दाखवायला सांगा. तुळईचं मधलं अंग सहसा ठणठणीत असतं. वाळवी आणि कूज लागते ती भिंतीत गेलेल्या टोकांना. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, सहज आत गेला तर लाकूड गेलंय. मालक नाही म्हणाला तर मी तरी पुढे जाणार नाही. आणि घर भर पावसात पाहा. उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात.

घाटाजवळ असेल तर कृष्णेच्या पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पुढे बांधकामाची परवानगी मिळणं कठीण. वर धोम धरण आहे. विसर्ग वाढला की पाणी कुठवर येतं हे शेजारच्या आजींना विचारा, त्या पायरी दाखवून सांगतील.

त्यांनाच आणखी दोन गोष्टी विचारा: सामाईक भिंत कोणाची, आणि पागोळ्यांचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं. गावठाणात भांडणं यावरूनच होतात.

कागदांचं थोडक्यात सांगतो. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे घराच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा तपास, घ्या. घर वडिलोपार्जित आहे म्हणजे विकणाऱ्याच्या बहिणी कुठे आहेत हे विचाराच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला आणि वडील तेव्हा हयात नसले तरी तो हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केलं. ‘ताईला काही नकोय’ हे तोंडी ऐकून सोडू नका. ताईंचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांची सही. आमच्या व्यवहारात विकणाऱ्याच्या एक आत्या सोलापूरला होत्या. त्या सहीला येईपर्यंत आम्ही चार महिने थांबलो, आणि थांबलो ते बरंच झालं.

हे सगळं नीट निघालं तर मात्र घासाघीस फार लांबवू नका. आमच्या माजघरात आता मे महिन्यातही दुपारी पंखा लावावा लागत नाही. आई पुण्याच्या फ्लॅटमध्ये आठ दिवसांच्या वर राहायला तयार होत नाही.