सोलापुरात राहतो, उन्हाळ्यातपण बाईक चालवतो, दहा हजारात कोणतं रायडिंग गिअर आधी घेऊ?

आधी चांगलं फुल फेस हेल्मेट घ्या, मग ग्लोव्हज आणि उरलेल्या पैशात मेश (जाळीदार कापडाचं) जॅकेट. मोबाईल होल्डर, जादा लाईट वगैरे सगळं नंतर. मी तुळजापूर, पंढरपूर आणि पुणे हायवेवर बाराही महिने चालवतो त्यावरून सांगतोय. हेल्मेटवर आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ हा नंबर बघाच, डोक्यात घालून पट्टा लावून हलवून बघा, गालाची कातडी सोबत हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट फिरत असेल तर एक साईझ लहान घ्या. आणि एकदा जोरात आपटलं की बदलायचं, कारण आतला थर्माकोलसारखा थर दबला की परत फुगत नाही, वरून कितीही चांगलं दिसू दे. ग्लोव्हज दुसऱ्या नंबरवर यासाठी की पडताना माणूस आधी हातच टेकतो, तळव्यावर जाड पॅड असलेलेच घ्या. जॅकेटमध्ये खांदा, कोपराला सीई लेव्हल २ आर्मर (म्हणजे युरोपियन सुरक्षा मानकातल्या वरच्या पातळीचं, धक्का झेलणारं पॅड) मिळालं तर उत्तम, पाठीला बऱ्याचदा नुसता फोम असतो तो काढून आर्मर वेगळं टाका.

एवढं लक्षात ठेवा, मेश जॅकेट रस्त्यावर घासलं गेलं तर लेदरइतकं टिकत नाही. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा लेदर घरी खुंटीलाच राहतं. मेशच्या आत सुती टीशर्ट ओला करून घाला, वाळेपर्यंत खरंच गार वाटतं.