नट बदलला की पटकथा बदल

चिरंजीव हिस अनेक आशीर्वाद.

निपाणीच्या तंबाखू वखारीत घडणाऱ्या तुझ्या खूनपटातली दिवाणजीची भूमिका बेळगावच्या हौशी नटाकडून काढून मालिकांतून घरोघरी पोचलेल्या एका नटाला दिली गेली आणि चित्रीकरण तोंडावर आले असताना ‘त्यांचे दोन प्रवेश वाढवा’ असा निरोप आला, हे कळले. पटकथेवरचे आपले नाव काढून घ्यावे काय, असे तू विचारतेस. नाव राहू दे. भांडायचेच असेल तर माणसावरून नको, कागदावरून भांड. नट बदलला की पटकथा बदलावी लागते, आणि ती दोन प्रवेश वाढवून बदलत नाही.

तुझा खुनी, म्हणजे हा दिवाणजी, सुरुवातीला दिसतो तो पाठमोरा. काट्यावर तंबाखूचे बोद, म्हणजे गठ्ठे, चढत असतात, हा वहीत वजने टिपत असतो आणि कोणी हाक मारली तरच मान वर करतो. नट अनोळखी असेल तर हा प्रवेश उत्तम आहे, कारण प्रेक्षक काट्याकडे पाहतो. त्याच जागी ओळखीचा चेहरा बसला, तर एवढा नट नुसती वजने टिपायला कशाला घेतला, हा प्रश्न पहिल्या रांगेलाच पडेल आणि रहस्य मध्यंतराआधी फुटेल. रहस्यपटात नटाची कीर्ती हाही पुरावाच असतो. तो लपवता येत नाही, वापरावा लागतो.

रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ च्या ‘सायको’ कादंबरीतला खुनी नॉर्मन बेट्स चाळिशीचा, जाडजूड गृहस्थ आहे आणि कादंबरी त्याच्यापासूनच सुरू होते. १९६० च्या चित्रपटात दिग्दर्शक हिचकॉकने तिथे सडपातळ, लाजरा अँथनी पर्किन्स घेतला. पटकथाकार जोसेफ स्टेफानोने मात्र संवाद फिरवून भागवले नाही; त्याने कथा पैसे घेऊन पळणाऱ्या मेरियनपासून सुरू केली, आणि त्या भूमिकेतली जॅनेट लीसारखी नामांकित नटी निम्मा चित्रपट होण्याआधीच मारली जाते. ‘दृश्यम’ची वाट वेगळी. २०१३ ला मल्याळममध्ये मोहनलाल, २०१४ ला कानडीत रविचंद्रन, २०१५ ला हिंदीत, आपल्या चोर्ला घाटापलीकडच्या गोव्यात, अजय देवगण. मोठ्या नटाने कुठेच बिघडले नाही, कारण गुन्हा प्रेक्षकासमोर उघड आहे आणि उत्सुकता उरते ती हा सुटणार कसा याची.

तेव्हा एकतर दिवाणजीवर पहिल्यापासून उघड संशय ठेव, मध्यंतराला त्याला अटक करव आणि निर्दोष ठरवून सोड. नाहीतर खून दाखवूनच टाक. बाकीचे संशयितही तितकेच ओळखीचे घेणे हाही मार्ग आहे, पण त्याला निर्माता पैसे देणार नाही.

मला लोक हट्टी म्हणतात. माझ्या एका पटकथेत साक्षीदार मराठीत सांगतो आणि खानापूरच्या ठाण्यातला फौजदार ते कानडीत उतरवून घेतो. त्या उतरवण्यात एक तपशील निसटतो आणि पुढचा सगळा तपास त्यावर फिरतो. फौजदार म्हणून मुंबईचा नट आला, त्याला कानडी येईना, म्हणून तो प्रवेशच गाळला आणि उत्तरार्ध होता तसाच ठेवला. नट बदललात तर उत्तरार्ध मला पुन्हा लिहू द्या, एवढेच मी मागत होतो. ‘कोणाला कळतंय’ असे उत्तर मिळाले, मी घरी बसलो आणि त्या मंडळींनी पुन्हा बोलावले नाही. हुकलेल्या कामांची चुटपुट आहे. मागणी चुकीची होती, असे मला आजही वाटत नाही.

तू घरी बसू नकोस आणि रडत तर मुळीच बसू नकोस. या आठवड्यात प्रवेशवार एक तक्ता कर: प्रत्येक प्रवेशाअखेरीस फौजदाराला काय कळले, दिवाणजीला काय कळले, प्रेक्षकाला काय कळले. नव्या नटाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून तो भर, म्हणजे कुठले प्रवेश कोसळतात ते दिग्दर्शकालाही दिसेल. काट्याचा प्रवेश आधी काढ. तो तुझा लाडका आहे हे मला माहीत आहे, तरी काढ. वाढीव दोन प्रवेशांचे त्यानंतर बघू.

आणि ज्याची भूमिका गेली त्या मुलाला तू स्वतः जाऊन भेट. त्याला अजून कोणी सांगितलेही नसेल.