लेकरांचे पासपोर्ट आणि परदेशातले सहा महिने

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. चार वर्षांची मुलगी आणि सतरा महिन्यांचा मुलगा घेऊन सहा महिने परदेशात फिरायचं आहे. तयारी कुठून सुरू करावी?

उत्तर : ताई, आधी जन्माचे दाखले काढा. गावाकडे काम अडतं ते इथंच. जन्माची नोंद होते, पण बाळाचं नाव टाकायचं राहून जातं. जिथं नोंद आहे, त्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात नाव चढवून नवीन दाखला घ्या. आईबापाच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त हाच दाखला चालतो. पासपोर्टच्या अर्जासोबत अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे आईबापाचं संमतीपत्र लागतं, त्यावर दोघांच्याही सह्या हव्यात. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि बरेच देश सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. मुलीचा जुना असेल तर तारीख आजच बघा.

गोवराच्या लसीचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. मुलाचा तो निघण्याआधी उपकेंद्रात घ्या अन् कार्डावर तारीख लिहून आणा.

ओआरएसची पाकिटं भरपूर ठेवा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं, पाणी उकळून गार केलेलं. अंदाजानं अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात कालवू नका. मीठ-साखर जास्त झाली की हगवण वाढते, लेकरू आणखी सुकतं. उरलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या.